न केलेल्या कर्तव्याचा न्याय

पापनिवेदनास येणारा भाविक आपली दुष्कृत्ये सांगतो. न केलेल्या कर्तव्यांविषयी तो बहुधा मौन पाळतो. याकोबाच्या पत्रातील ४:१७ हे वचन आपण धर्मशिक्षणात शिकवितो खरे. परंतु ते राज्यसंस्थेलाही लागू पडते काय? या दृष्टीने नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाचा २० डिसेंबर २०१९ चा निर्णय आम्हांस अभ्यसनीय वाटतो. उर्जेन्डा ही संस्था व शेकडो नागरिक यांनी शासनाविरुद्ध लावलेल्या दाव्यात २०१५ साली मिळालेला आदेश त्याने कायम केला: पृथ्वी तापविणाऱ्या वायूंचे उत्सर्जन २०२० च्या अखेरीस १९९० च्या तुलनेने किमान २५ टक्क्यांनी घटविणे शासनास बंधनकारक आहे. आधार होता युरोपीय मानवी हक्क कराराचा. कलम दुसरे जीविताच्या हक्काचे, आठवे खाजगी व कौटुंबिक जीवनाचे.

जगाच्या उत्सर्जनात आपला वाटा अत्यल्प, हा शासनाचा एक बचाव होता. (माझ्या एकट्याने काय होणार, असे म्हणणारे प्रत्येक धर्मग्रामात भेटतात!) न्यायालयाने तो अमान्य केला. इतरांचे उत्सर्जन दाखवून आपल्या वाट्याची जबाबदारी टाळता येत नाही, असे त्याने ठरविले. घट किती, एवढेच त्याने सांगितले; ती कोणत्या उपायांनी करावी, हे शासन व संसद यांच्यावर सोपविले.