न दिलेली किंमत, न मिळालेले पैसे

रत्नागिरीतलं एखादं जुनं जांभ्याचं घर डोळ्यांसमोर आणा. समजा, आजोबांनी 1962 साली 18 हजारांत बांधलं. आता वारस मुंबईला आणि 2025-26 मध्ये एक गिऱ्हाईक 45 लाख द्यायला तयार. कर कशावर? तुम्ही म्हणाल, 45 लाखांतून 18 हजार वजा करा, उरला तो नफा. हिशोब सरळ आहे, पण आयकर कायदा यातला एकही आकडा जसाच्या तसा घेईल असं नाही!

आधी ते 18 हजार पाहू. वारशाने घर आलं तेव्हा कर नाही. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर आपल्याकडे 1985 मध्येच गेला. विकताना मात्र आजोबांचा खर्च वारसाचाच धरतात. त्यातही घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचं असेल, तर त्या दिवशीची रास्त किंमत हीच खरेदीची किंमत धरता येते. त्या दिवशी घर कुणी विकलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. तरी मूल्यांकनकार मागे वळून किंमत काढतो, समजा 6 लाख, आणि तोवरची सगळी वाढ करातून सुटते. अट एवढीच, की त्या वेळची मुद्रांक शुल्काची सरकारी किंमत उपलब्ध असेल तर तिच्यापेक्षा वर जायचं नाही.

पुढची गंमत महागाईची. सरकार 2001-02 ला 100 धरून दरवर्षी एक निर्देशांक जाहीर करतं. 2025-26 चा आहे 376. म्हणजे 6 लाखांचे झाले 22 लाख 56 हजार. उरलेल्या 22 लाख 44 हजारांवर 20 टक्के, म्हणजे सुमारे 4 लाख 49 हजार. दुसरी वाट जुलै 2024 पासूनची: महागाई धरायची नाही, पण दर साडेबारा टक्के. 39 लाखांवर झाले 4 लाख 87 हजार 500. तुमची खरेदी 23 जुलै 2024 पूर्वीची असेल आणि तुम्ही भारतात राहणारे असाल, तर कमी भरेल ती वाट. इथे पहिली. पण तेच घर 60 लाखांना गेलं तर? पहिल्या वाटेने साडेसात लाखांच्या आसपास, दुसरीने पावणेसात! 2001 पासून किंमत साधारण 8.4 पटींवर गेली, की पारडं उलटतं. (वर उपकर आहेच. वारस चार असतील तर प्रत्येकाने आपापल्या हिश्शाचा हिशोब करायचा.)

आता ते 45 लाख. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात भाव बोलीवर ठरतो. जमिनीचा एक भाव मात्र बोलीआधीच लिहून ठेवलेला असतो, सरकारच्या रेडी रेकनरमध्ये. गावोगावचे विभाग, वापराप्रमाणे दर, बांधकामाच्या जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे घसारा. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना खरी किंमत आणि ही किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं. ते बहुधा घेणारा भरतो, म्हणून विकणारा निर्धास्त असतो. चुकतो तो इथेच! रेकनरने घर 55 लाखांचं ठरवलं, तर फरक 10 टक्क्यांहून जास्त, म्हणून आयकरवाले तुम्हाला 55 लाख मिळाले असंच धरतात. हाती न आलेल्या 10 लाखांवर कर. शिवाय तेच 10 लाख घेणाऱ्याचंही उत्पन्न! किंमत पटत नसेल तर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा, असं सांगण्याचा हक्क मात्र आहे.

आणि घराभोवती हापूसची बाग असेल तर? खेड्यातली शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही, नफा कितीही होवो. पण खेडं कुठे सुरू होतं? 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या 76 हजारांच्या घरात होती. अशा शहरासाठी नगरपरिषदेच्या हद्दीपासून 2 किलोमीटरांच्या पुढे. हे अंतर रस्त्याने की सरळ रेषेत, यावर लोक कोर्टात भांडले. मग 2013 च्या वित्त कायद्याने हवाई अंतर पक्कं केलं. कोकणात याला केवढा अर्थ! खाडीपलीकडची वाडी वळशाने लांब, पण सरळ रेषेत अगदी समोर. रस्त्याने सुटणारी बाग हवेतून सापडते.

बाग हद्दीबाहेर असली तरी तिच्यातलं घर करातून सुटत नाही. म्हणून एकाच दस्तात दोन्ही विकताना घराची किंमत वेगळी, कलमांची वेगळी लिहून घ्यायची, आणि सातबाऱ्यावर पिकांची नोंद आहे ना, ते आधी पाहायचं.