एका थंडरबर्डमध्ये चार मेल-खाती

हा भाग मी कोरमंगलातल्या घरी बसून रेकॉर्ड केला होता, त्यामुळे व्हिडिओत मधूनमधून ऐंशी फुटी रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. पुस्तकात हॉर्न नाहीत, पण स्क्रीनही नाही. म्हणून जिथे मी बटण दाखवलं होतं तिथे आता त्याचं नाव लिहितो. मेनू इंग्रजीत असतात, ती नावं तशीच देवनागरीत ठेवली आहेत.

माझी खाती पाच. माझं रोजचं जीमेल. एक जुनं जीमेल, ज्यावर अजून विम्याच्या नोटिसा येतात. सांगलीला राहणाऱ्या आईचं एक, कारण तिला आता बारीक अक्षर वाचवत नाही. आमच्या इमारतीच्या रहिवासी संघाचं एक, कारण दोन वर्षं मी खजिनदार होतो. आणि पाचवं ऑफिसचं. ऑफिसचं मी थंडरबर्डमध्ये घेतलेलं नाही आणि तुम्हीही कंपनीला विचारल्याशिवाय घेऊ नका. २००७ साली फ्लिपकार्ट ज्या कोरमंगलात सुरू झाली तिथे नोकऱ्या भराभर बदलतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते खातं बंद होतं. आपली भाडेचिठ्ठी, मुलांच्या शाळेची पावती, काहीही त्या पत्त्यावर ठेवू नये.

राहिली चार. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्ज उघडायचं, तिथून नवं मेल-खातं जोडायचं. नाव, पत्ता, पासवर्ड भरला की बहुतेक खात्यांचे सर्व्हर तो स्वतःच शोधून काढतो. जीमेल असेल तर गूगलचीच खिडकी उघडते आणि तिथे परवानगी द्यावी लागते. मे २०२२ च्या अखेरीपासून गूगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं बंद करत आणलं, त्यामुळे जुनी माहिती वाचून कोणी "सेटिंग सैल करा" म्हणालं तर ऐकू नका. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. पण मध्येच एक प्रश्न येतो : आयमॅप की पॉप? इथे मात्र थांबा.

पॉप ही १९८४ ची कल्पना. आज वापरतो ती तिसरी आवृत्ती १९८८ ची. टपालपेटी उघडायची, पत्रं घरी आणायची, पेटी रिकामी. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा फोनची लाइन जोडून तासावर पैसे मोजायचे असत. जोडा, मेल उतरवा, लाइन तोडा, मग निवांत वाचा. त्या काळात पॉपच शहाणपणाचं होतं. आयमॅप मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली तयार केलं. त्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि तुमचा संगणक, फोन, लॅपटॉप सगळे तीच पत्रं बघतात. एकीकडे वाचलं की दुसरीकडेही वाचलेलं दिसतं.

आमच्या बाबांचं खातं पॉपवर होतं. सर्व्हरवर प्रत ठेवा, ही खूण कोणी केलेलीच नव्हती. दहा-बारा वर्षांचे मेल घरातल्या एका संगणकावर, बाकी जगात कुठेही नाहीत. बाबा गेल्यानंतर तीन महिन्यांनी ती डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने आठवडाभर खटपट केली. पॉलिसीची कागदपत्रं मिळवायला आईला वर्षभर हेलपाटे घालावे लागले, आणि त्यांनी मला हॉस्टेलवर असताना लिहिलेले मेल, ज्यांच्या माझ्याकडच्या प्रती मी तेव्हा बिनदिक्कत डिलीट करत होतो, तेही गेले. तेव्हापासून घरातलं प्रत्येक खातं आयमॅपवर. तुमच्याकडे एखादं जुनं खातं पॉपवर असेल, तर त्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' बघा आणि त्याच्याखाली किती दिवसांची मुदत लिहिली आहे तीही बघा. लोक खूण बघतात, मुदत बघत नाहीत.

आयमॅपवर असलं की निर्धास्त, असंही नाही बरं का. इथे डिलीट केलं की सगळीकडून गेलं. महत्त्वाच्या पत्रांवर राइट-क्लिक करून 'कॉपी टू' मधून 'लोकल फोल्डर्स'मध्ये एक प्रत ठेवा. 'मूव्ह' नव्हे, 'कॉपी'. लोकल फोल्डर्स तुमच्या संगणकावर थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्ये असतात, म्हणून महिन्यातून एकदा थंडरबर्ड बंद करून तो अख्खा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. मी पगाराच्या दिवशी घेतो, म्हणजे विसरत नाही.

आता चारही इनबॉक्स एकत्र बघण्याची सोय. डावीकडच्या फोल्डरांच्या पट्टीवर तीन टिंबं आहेत, तिथे 'फोल्डर मोड्स'मध्ये 'युनिफाइड फोल्डर्स'. सगळी पत्रं एका यादीत येतात. सुरुवातीला मला हे फार आवडलं.

गेल्या वर्षी आईची एक तपासणी झाली. रिपोर्टबद्दल मला डॉक्टरांना काही विचारायचं होतं. एकत्रित इनबॉक्स उघडा होता, मी 'न्यू मेसेज' दाबलं, सगळं सविस्तर लिहिलं, पाठवलं. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या आंटींनी हळूच विचारलं, "अम्मा हेगिद्दारे?" आई कशी आहे? आईने तर सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. माझा मेल रहिवासी संघाच्या पत्त्यावरून गेला होता, डॉक्टरांचं उत्तरही तिथेच आलं, आणि ते खातं समितीतले आम्ही तिघं वापरत होतो.

कसं झालं ते समजून घ्या. आलेल्या पत्राला 'रिप्लाय' केलं, तर ते ज्या खात्यावर आलं त्याच खात्यावरून थंडरबर्ड उत्तर पाठवतो. तिथे सहसा चूक होत नाही. पण नवीन पत्र लिहिताना तो तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात ते बघतो, आणि एकत्रित यादीत उभे असाल तर जे खातं डिफॉल्ट आहे ते उचलतो. मी या संगणकावर सगळ्यात आधी संघाचं खातं जोडलं होतं, म्हणून तेच डिफॉल्ट झालं होतं. अकाउंट सेटिंग्जमध्ये आपलं रोजचं खातं निवडून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' करायचं, एवढं ते काम. मी ते केलं नव्हतं.

त्यानंतर मी प्रत्येक खात्याला वेगळी सही लावली. संघाच्या सहीत मोठ्या अक्षरात 'खजिनदार', आईच्या सहीत तिचं पूर्ण नाव, माझ्या खात्याला काहीच नाही. लिहायला खिडकी उघडली की 'फ्रॉम'ची ओळ नजरेतून सुटते, पण खाली 'खजिनदार' दिसलं की हात थांबतो. आणि एकत्रित यादी आता मी फक्त वाचायला उघडतो. आईला काय वाटलं ते सांगत नाही. आंटी मात्र दर शनिवारी रसम पाठवू लागल्या.

जुन्या जीमेलबद्दल एक सूचना. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. थंडरबर्डमध्ये खातं दिसतंय म्हणजे वापरात आहे असं धरून चालू नका. दर दोन-तीन महिन्यांनी ब्राउझरमधून त्यात शिरा, एखादं पत्र वाचा.

या मार्चमध्ये मी खजिनदारकी सोडली. खातं निवडून 'अकाउंट अ‍ॅक्शन्स'मधून 'रिमूव्ह अकाउंट' केलं आणि त्यात संगणकावरची पत्रंही काढून टाकायची खूण केली. आयमॅप असल्यामुळे सर्व्हरवरचं काही जात नाही, ते पुढच्या माणसाला जसंच्या तसं मिळतं. डॉक्टरांची ती दोन पत्रं तेवढी मी आधीच काढली होती. मग नव्या खजिनदारांना पासवर्ड बदलायला बसवलं, तर रिकव्हरीचा फोन नंबर निघाला माझ्याही आधीच्या खजिनदारांचा. ते आता मैसूरला असतात. त्यांना फोन करून ओटीपी मागितला. आकडा सांगण्याआधी त्यांनी अर्धा तास त्यांच्या काळातली पाण्याच्या टँकरची बिलं कोणी कशी अडवली होती ते सांगितलं. तोवर ओटीपीची मुदत संपली होती, म्हणून पुन्हा मागवला.