मॅडम, बीपी बघा ना जरा!

कानाच्या ऑपरेशनला भूल द्यायला बसलं की हे वाक्य ऐकावं लागतंच. पोटाच्या ऑपरेशनमध्ये चार गॉज भिजले तरी कुणी मान वर करत नाही. इथे एक थेंब पुरतो. मधला कान म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिलिटरची पोकळी आणि त्यातलं रिकिबीचं हाड सुमारे 3 मिलिमीटर उंच. थेंब त्यावर चढला की मॉनिटरवर नुसता लाल रंग.

दोष दर वेळी बीपीचा नसतो. ॲड्रिनालिन घातलेलं लोकल टोचल्यावर रक्तवाहिन्या आकसायला काही मिनिटं द्यावी लागतात. घाईतला सर्जन तेवढा दम धरत नाही. कान वाहता असेल, आत ग्रॅन्युलेशन्स असतील, तर हात लावताच रक्त येणार. टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचलली की शिरांमधला दाब उतरतो. फुकटातला उपाय, पण नेमका तोच विसरला जातो. तरण्या, धडधाकट रुग्णाचं मीन प्रेशर मी 65च्या आसपास ठेवते. साठीतल्या, जुन्या ब्लडप्रेशरवाल्याला मात्र नाही. त्याच्या मेंदूचा नि किडनीचा रक्तपुरवठा पणाला लावून मिळणारं कोरडं फील्ड मला नको. यावरून टेबलावर खटके उडतात. उडू देत.

सर्जनची तगमगही खोटी नसते. ओव्हल विंडोच्या लगेच वरून चेहऱ्याची नस जाते आणि काही जणांत तिच्यावरचं हाडाचं कवच तिथेच अपुरं असतं. रक्तात चाचपडणारं सक्शन थेट नसेवर टेकू शकतं. पडद्यामागून जाणारी चवीची नस दोऱ्यासारखी बारीक. ती ताणली गेली तरी नंतर चहा धातूसारखा लागतो म्हणून रुग्ण सांगत येतो. कोलेस्टिॲटोमाचा कण सायनस टिंपनीच्या खोबणीत राहिला तर पुन्हा वाढतो. मायक्रोस्कोप सरळ रेषेत बघतो, त्याला ती खोबण नीट दिसत नाही. 30 अंशांची एंडोस्कोप तिथे डोकावते. पण ती धरण्यात एक हात अडकतो. मग दुसऱ्या हातात आलटूनपालटून कधी सक्शन, कधी पिक. म्हणजे रक्त थांबवणं पुन्हा आमच्या गळ्यात!

रुग्ण शुद्धीवर आला की, "डोळे घट्ट मिटा, दात दाखवा." तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं तर पहिला प्रश्न एकच: लोकल किती दिलं होतं? लोकलमुळे लुळा पडलेला चेहरा काही तासांत पूर्ववत होतो. तोवर सर्जन घरी जात नाही.