सेल्फ मारायच्या आधी

सकाळी 8
शटर वर केले आणि लाल ऑक्टाव्हिया आरएसचे नाक दिसले. 2005ची गाडी, एमएच-20 पासिंग. तिचे मालक डॉक्टरसाहेब 2017 मध्ये गेले, तेव्हापासून ती सिडकोतल्या बंगल्याच्या पोर्चमध्ये कव्हराखाली उभी होती. काल फ्लॅटबेडवरून आमच्या चिकलठाण्याच्या गॅरेजात आली. स्कोडाने 2001 मध्ये शेंद्र्याला काम सुरू केले ते ऑक्टाव्हियाची जोडणी करूनच. आरएस ही त्यातली तिखट आवृत्ती: 1781 सीसीचे टर्बो इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. दिसायला घरगुती सेडान, पण पाय दाबला की स्पोर्ट्स कार. आपल्या गावाशी नाते असलेली अशी गाडी भंगारात जाताना मला बघवत नाही.

साडेआठ
डॉक्टरसाहेबांची मुलगी नवी बॅटरी घेऊन आली.
"भाऊ, एकदा सेल्फ मारून बघू या की."
"ताई, संध्याकाळपर्यंत चावी माझ्या खिशात राहू द्या."

इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात ऑईल सगळे खाली चेंबरमध्ये उतरलेले असते, सिलिंडर कोरडे पडलेले असतात. रिंगा चिकटलेल्या असल्या तर स्टार्टर त्यांना जबरदस्तीने ओढतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात. त्यात वाळलेला टायमिंग बेल्ट तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

नऊ
एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचे घरटे: बॉनेटखालच्या नमद्याचा कापूस, शेंगांची फोलपटे, कुरतडलेला फिल्टर. तीन वायरींचे तांबे उघडे पडले होते. पोऱ्याला सांगितले, पूर्ण हार्नेसवरून बोट फिरव, घाई करू नको.

मुंबईची गाडी खालून गंजते, मराठवाड्यातली रबरात वाळते. खाली पत्रा ठणठणीत होता, पण कूलंटची होज दाबली तर बिस्किटासारखी करकरली. रबर जेवढे आहे तेवढे सगळे बदलायचे ठरले.

साडेदहा
दिवसातले खरे काम हे. काल संध्याकाळीच चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑईल सोडून ठेवले होते. आता क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावला, लांब दांडा घेतला. पहिल्या दाबाला काहीच नाही. इथे माणसाचा हात चुकतो. दांड्यावर पाइप चढवून जोर लावायचा मोह होतो. मी हात काढला, पुन्हा थोडे ऑईल सोडले, चहा घेतला. वीस मिनिटांनी परत दाबले. एक बारीकसा 'टक्' झाला आणि दांडा बोटभर सरकला. मग दोन बोटे. मग हळूहळू पाव फेरी. प्लगच्या भोकातून फुस्स करून हवा आली. ताईंनी विचारले, "हा कसला आवाज?" म्हटले, "ताई, श्वास घेतेय."

बारा ते तीन
टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप. खुणा जुळवल्या, हाताने दोन पूर्ण फेऱ्या दिल्या, खुणा परत तपासल्या. डबा तीननंतर उघडला.

साडेतीन
मागची सीट उचलली, पेट्रोल पंप बाहेर काढला. टाकीतल्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्याचा वास होता. ते उपसून टाकी धुतली. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असते, ते जुने रबर फुगवते. म्हणून पेट्रोलच्या नळ्याही नव्या घातल्या.

पाच
नवे ऑईल, नवा फिल्टर. पंपाचा फ्यूज काढला, प्लग बाहेरच ठेवले आणि आता कुठे चावी खिशातून निघाली. इंजिन नुसते फिरवले. थोड्या वेळाने ऑईलचा लाल दिवा विझला. टर्बोपर्यंत ऑईल पोचल्याशिवाय पुढे जायचे नसते. मग प्लग, कॉइल, फ्यूज बसवले आणि चावी ताईंच्या हातात दिली. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन पकडले. सायलेन्सरमधून निळा धूर, टपेटांचा खडखडाट. अर्ध्या मिनिटात दोन्ही ओसरले. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मीही काही बोललो नाही.

साडेसहा
"शेंद्र्यापर्यंत एक चक्कर?" त्यांनी विचारले. नाही म्हणालो. मागचा एक कॅलिपर जाम आहे, ब्रेक ऑईल चहासारखे काळपट झाले आहे. टायरवर 1613 छापलेय, म्हणजे 2013 सालच्या सोळाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण बगलेला भेगा आहेत. नोंदणीची 15 वर्षे 2020 मध्येच संपली. त्यामुळे आधी ब्रेक आणि चार टायर, मग विमा आणि पीयूसी, मग आरटीओत फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. हे सगळे पार पडल्यावर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढेल. तोवर गाडी गॅरेजच्या आवारातच फिरेल.