टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी



वस्तीतल्या एका खोलीच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवला की शेजाऱ्यांशी भांडण होते, कमी केला की आजोबांना काही कळत नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीचे प्रक्षेपण सगळे घर पाहते, पण भाषण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आवाज वाढवत राहणे हा त्यावर इलाज नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. लेकरांचे कान तर त्याहून नाजूक.

टीव्हीत दोन सोयी असतात. पहिली क्लोज्ड कॅप्शन. यात बोललेले शब्द आणि दारावरची थाप, रडणे असे आवाज पडद्यावर अक्षरांत दिसतात. दुसरी ऑडिओ डिस्क्रिप्शन. कमी दिसणाऱ्यांसाठी संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडते ते आवाजात सांगितले जाते.

रिमोटवर 'सीसी' किंवा 'सबटायटल' बटण शोधा. नसेल तर सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. अक्षरांचा आकार बहुतेक ठिकाणी तिथेच वाढवता येतो. यूट्यूबवर व्हिडिओवरच 'सीसी'ची खूण असते. सेट-टॉप बॉक्स असेल तर बहुतेक वेळा कॅप्शन बॉक्सच्या मेनूतून चालू करावे लागते. एवढे करूनही काही दिसले नाही, तर टीव्ही बिघडला असे समजू नका. वाहिनीने कॅप्शन पाठवलेच नसेल, तर बटण दाबून ते येत नाही. टीव्ही मेनूतला प्रत्येक शब्द वाचू लागला, तर ते ऑडिओ डिस्क्रिप्शन नव्हे. 'टॉकबॅक'सारखी वेगळी सोय चालू झालेली असते, ती बंद करा.

ज्या आजींना शाळेत जाऊ दिले नाही, त्यांना कॅप्शनचा उपयोग कमी. नातवंडांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे. मुलांचे वाचनही पक्के होईल.

कान मात्र तपासून घ्याच. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो, तो डॉक्टरांकडूनच काढावा. काडी, पिन घालू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयातला कान-नाक-घसा विभाग गाठा. उशीर झाला तर गेलेले ऐकू येणे परत मिळणे कठीण होते. हाकेला न वळणारे बाळ "मोठे झाले की सुधारेल" म्हणून थांबू नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 42 नुसार टीव्हीवर कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन मिळावे यासाठी उपाय करणे सरकारवर बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. आपल्या आवडीच्या वाहिनीवर कॅप्शन नसेल, तर विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार करा आणि वाहिनीला व पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहू शकतो, वस्तीच्या अर्जाकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.