मास्तर घडवणारं फुलिंग

परदेशी शिक्षकाच्या नजरेतून चिनी शाळा कशी दिसते, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. मी अमेरिकन लेखक पीटर हेसलर यांची दोन पुस्तकं काढून बसलो. ‘रिव्हर टाउन’ 2001 सालचं, ‘अदर रिव्हर्स’ 2024 सालचं. हेसलर लिहितात सुरेखच. पण वाचता वाचता माझं लक्ष त्यांच्यावरून उडालं आणि ते जिथे शिकवायचे त्या कॉलेजात अडकलं.

फुलिंग हे यांगत्से आणि वू या नद्यांच्या संगमावरचं गाव. 1996 मध्ये वस्ती दोन लाखांच्या आसपास. रेल्वे नाही, चोंगचिंगहून बोटीनं यायचं. सगळं गाव डोंगरउतारावर, जिथे तिथे पायऱ्या, त्यामुळे सायकलींच्या देशात इथे सायकलच चालत नसे. देशभर ओळख ती इथल्या झात्साय या लोणच्यामुळे. वू नदीच्या पलीकडच्या काठावर अध्यापक महाविद्यालय. पीस कोअर या अमेरिकन सरकारी उपक्रमातून सत्तावीस वर्षांचे हेसलर आणखी एका तरुण सहकाऱ्यासोबत इथे दोन वर्षांसाठी इंग्रजी शिकवायला आले. अर्ध्या शतकात इतके दिवस राहायला कुणी अमेरिकन या गावात आला नव्हता.

कॉलेजची स्थापना, नामांतरं, नवा परिसर हा भाग मी भराभर उलटला. आज ते यांगत्से अध्यापन विद्यापीठ आहे, एवढं पुरे. मला खिळवून ठेवलं ते त्या काळच्या त्याच्या कामानं. 1986 मध्ये चीननं नऊ वर्षांचं शिक्षण कायद्यानं सक्तीचं केलं. कायदा झाला, आता आडगावच्या माध्यमिक शाळांना शिक्षक आणायचे कुठून? शहरातला पदवीधर तिकडे जाणार नव्हता. मग खेड्यातलीच हुशार मुलं परीक्षा घेऊन निवडायची, तीन वर्षं शिकवायची आणि सरकार नेमून देईल त्या शाळेवर पाठवायची. ही शाळा बहुधा त्यांच्याच भागातली असायची. फी नाममात्र, बदल्यात शिकवण्याचा करार. मोडायचा असेल तर पैसे भरायचे. आपल्याकडच्या जुन्या ट्रेनिंग कॉलेजांतून सातवी पास मुलगा मास्तर होऊन गावी परतायचा, त्याच जातीची ही व्यवस्था. फरक प्रमाणाचा. त्या काळी कॉलेजच्या वयाच्या शंभर चिनी मुलांमधली दहासुद्धा उच्च शिक्षणापर्यंत पोचत नव्हती. हेसलर यांच्यासमोर बसलेल्या बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस तेच होतं. मागे शेती, भावंडं आणि हातातोंडाची गाठ.

दिवस कर्ण्यावरच्या आवाजानं सुरू व्हायचा. सकाळी मैदानावर कवायत, वर्ग झाडण्यापुसण्याच्या पाळ्या, संध्याकाळी पुन्हा अभ्यासाला वर्गात. तीच मुलं वर्गात, तीच खोलीत. राजकीय शिक्षणाचा तास कुणाला चुकत नसे, आणि परदेशी मास्तर वर्गात काय बोलतो याकडे पक्षाच्या माणसांचं लक्ष असे.

अशा वर्गात शेक्सपिअर कसा उतरला, ते वाचण्यासारखं आहे. अठरावं सुनीत हेसलर यांनी ओळी विस्कटून दिलं. मुलांनी ते नीट लावलं. मग विचारलं, कवी जिच्याविषयी बोलतोय ती दिसायला कशी असेल? मुलांनी लिहिलं ते जुन्या चिनी काव्यातल्या सुंदरीचं वर्णन: नितळ गोरी कांती, निमुळती बोटं. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रज प्रेयसी सिचुआनच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्या घरची करून टाकली. कवितेला भिडण्याची ही ताकद त्या मुलांनी आणली कुठून? मला वाटतं, पाठांतरातून. पाठांतराला आपण सरसकट नावं ठेवतो. पण शेकडो कविता जिभेवर असलेल्या मुलाला नवी कविता परकी वाटत नाही.

त्याच कॉलेजात हेसलर स्वतः विद्यार्थीही होते. चिनी शिकवायला त्यांना दोन शिक्षक मिळाले, त्यांतल्या एक तरुण बाई. स्वर चुकला की बाई तिथल्या तिथे म्हणायच्या, चूक. शब्द बरोबर आला तर काहीच नाही, पुढचा शब्द. अमेरिकेत वाढलेल्या माणसाला शाबासकीची सवय. ते चिडले, आणि चिडून दुप्पट अभ्यासाला बसले. दोन वर्षांत ते गावातल्या खानावळीत बसून लोकांशी मोकळेपणी बोलू लागले होते. प्रत्येक मुलाला ही रीत मानवेल असं मी म्हणणार नाही, कोवळी मुलं त्यानं मिटूनही जातात. पण शिकणाऱ्याची चूक एकदाही नजरेआड न करणं यातही एक माया असते, आणि ती बाईंच्या त्या एका शब्दात मला दिसते.

2019 मध्ये हेसलर पुन्हा शिकवायला आले, या वेळी चेंगडूत, सिचुआन विद्यापीठात. त्यांच्या जुळ्या मुली चिनी येत नसताना तिथल्या सरकारी शाळेत तिसरीत बसल्या. वर्गात पन्नासच्या वर मुलं, अवघड गणितं आणि पालकांच्या व्हीचॅट गटावर संदेशांचा अखंड मारा. विद्यापीठातले विद्यार्थी बहुतेक शहरी, एकुलते एक. उच्च शिक्षणाचं प्रमाण एव्हाना निम्म्यावर गेलं होतं, आणि ताण मात्र वाढला होता. 2021 मध्ये सरकारनं ‘दुहेरी भार’ हलका करण्यासाठी गृहपाठावर मर्यादा घातल्या आणि नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली. पण जूनमधली काओखाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, आहे तिथेच आहे. ती आहे तोवर पालक चोरून का होईना, शिकवणी लावणारच.

मला काळजी वाटते ती फुलिंगसारख्या कॉलेजांनी उभ्या केलेल्या शाळांची. सरकारनं नोकरी नेमून देण्याची पद्धत नव्वदच्या दशकाअखेर मोडत गेली. 2001 नंतर लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याची मोहीम निघाली, आणि दहा वर्षांत खेड्यांतल्या प्राथमिक शाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. सातआठ वर्षांची मुलं वसतिगृहात राहू लागली; 2012 मध्ये सरकारलाच ही मोहीम थांबवावी लागली. आता मुलंच कमी. 2016 मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून जास्त जन्म झाले, 2023 मध्ये नव्वद लाख. बालवाड्या बंद पडताहेत. आज प्राथमिक शाळा, उद्या माध्यमिक.

बाहेरून येणारे शिक्षकही आटले. 1993 पासून तेराशेहून अधिक स्वयंसेवक पाठवणारा पीस कोअरचा चीनमधला कार्यक्रम 2020 मध्ये अमेरिकेनं बंद केला. 2021 मध्ये हेसलर यांचा करार वाढवला गेला नाही, ते कुटुंबासह परतले. जुन्या विद्यार्थ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार मात्र टिकून आहे. त्यांच्यातले बरेच जण आजही शिक्षक आहेत, पन्नाशीला आलेले. आणखी काही वर्षांत ते निवृत्त होतील. त्यांच्या गावच्या शाळेवर जायला कुणी तयार होईल का, आणि झालाच तर समोर बसायला मुलं उरतील का, याचं उत्तर चीनच्या शिक्षण खात्याला याच दशकात द्यावं लागणार आहे.