कुंडीतली तुळस आणि ताटातले जीवनसत्त्व

वांग्याच्या फुलात पराग भरपूर असतो, पण तो सहजासहजी हाती लागत नाही. बहुतेक फुलांच्या परागकोशाला उभी चीर पडते आणि पराग मोकळा होतो. वांग्याच्या परागकोशाला मात्र टोकाशी फक्त बारीक छिद्र असते. डबी हलवल्याशिवाय तिच्यातले मीठ पडत नाही, तसाच हा प्रकार. ही डबी हलवण्याचे काम भुंगा करतो. तो फुलाला घट्ट पकडतो, पंख न फडकवता छातीचे स्नायू वेगाने थरथरवतो आणि पराग भुर्रकन त्याच्या अंगावर सांडतो. त्या वेळी येणारा गुंजारव नेहमीच्या उडण्याच्या आवाजाहून वेगळा, जरा किनरा असतो. वाऱ्याने फूल हलले तरी थोडा पराग पडतो आणि फळही धरते. पण भुंगा येऊन गेलेल्या फुलाची फळधारणा अधिक चांगली होते. पेटीत पाळलेल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही.

दरवर्षी २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन येतो. आधुनिक मधमाशीपालनाच्या आद्य शिक्षकांपैकी एक, स्लोव्हेनियाचे अंतोन यान्शा, यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांनी तो २०१८ पासून पाळायला सुरुवात केली. या दिवशी मध, पेट्या आणि पोळी यांची चर्चा होते. जगात मात्र माश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या अगदी मोजक्याच मध साठवतात. बाकीच्या बहुतेक एकेकट्या राहतात. त्यांना राणी नसते, पोळे नसते आणि राखायला मधाचा साठाही नसतो. आपल्या अंगणात, गॅलरीत, गच्चीवर त्या रोज येतात, पण आपण त्यांना ‘कसला तरी किडा’ म्हणून हाकलतो.

कोण कोण येते?

महाराष्ट्रात समूहाने राहणाऱ्या माश्या बहुतेकांच्या ओळखीच्या आहेत. उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या सज्जाला मोठे उघडे पोळे लावते ती आग्या. झाडाच्या ढोलीत अंधारात समांतर पोळी बांधते ती सातेरी. हीच पेटीतही पाळली जाते. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे लावते ती फुलोरी. भिंतीच्या भेगेत राहणारी, मेणाच्या नळीसारखे दार करणारी आणि डंख नसलेली काळी इवलीशी माशी म्हणजे पोयाची माशी.

एकट्या राहणाऱ्या माश्यांची ओळख मात्र नव्याने करून घ्यायला हवी. काळाभोर, मोठा भुंगा हाही माशीचाच प्रकार आहे. वाळलेले लाकूड किंवा बांबू पोखरून तो घर करतो. पोटावर चमकदार निळे पट्टे असलेली माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. भुंग्याप्रमाणे तिलाही फूल थरथरवता येते. तिसरी पानकापी. गुलाबाच्या पानाच्या कडेचे कंपासने आखल्यासारखे गोल तुकडे कोणी कापून नेले असतील, तर ते हिचे काम. ती पान खात नाही. पोकळ काडीत किंवा दाराच्या कडीच्या भोकात त्या तुकड्यांची पुडी करते, आत पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि पुडी बंद करते. गुलाबाला यातून इजा होत नाही, तरीही पानांवरची ती भोके पाहून औषध फवारले जाते.

ताटाशी संबंध काय?

भात, गहू, ज्वारी, बाजरी यांचे परागण वाऱ्याने किंवा स्वतःच होते. माश्या नसल्या तरी पोट भरेल. खरा प्रश्न पोट भरण्यापलीकडचा, म्हणजे जीवनसत्त्वे आणि खनिजांचा आहे. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक आणि इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागणावर अवलंबून आहेत. एकूण उत्पादनाच्या वजनात त्यांचा वाटा साधारण ३५ टक्के आहे. फळे, फळभाज्या, तेलबिया, सुकामेवा अशी ही पिके आहेत. शरीराला लागणारे क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्वाचा मोठा भाग आणि फोलेटचा बराचसा वाटा यांतूनच येतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परागण करणारे सगळे प्राणी नाहीसे झाले तर माणसाच्या आरोग्याचे काय होईल, याचे गणिती प्रारूप संशोधकांनी मांडले होते. त्यात जगातला फळांचा पुरवठा सुमारे २३ टक्क्यांनी आणि भाज्यांचा १६ टक्क्यांनी घटत होता. अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्यांत ७ कोटी १० लाखांची, तर फोलेटची कमतरता असलेल्यांत १७ कोटी ३० लाखांची नवी भर पडत होती. वर्षाला १४ लाखांहून अधिक जादा मृत्यू होतील, असा अंदाज होता. हे टोकाच्या परिस्थितीचे गणित आहे, उद्याचे भाकीत नव्हे. पण माशी हा विषय फक्त निसर्गप्रेमींचा नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे हा धागा आणखी जवळचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे लोहाची कमतरता हे मोठे कारण आहे. फोलेट आणि बी-१२ यांची कमतरताही त्यात असते. भाकरी आणि पालेभाजीतले लोह शरीरात नीट शोषले जावे यासाठी जेवणात क जीवनसत्त्व लागते. म्हणून डॉक्टर ‘जेवणावर लिंबू पिळा, पेरू खा, आवळा खा’ असे सांगतात. लिंबू, पेरू, आवळा या तिन्ही झाडांच्या फुलांवर माश्यांची वर्दळ असते. गर्भधारणेच्या आधी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत फोलेट कमी पडले तर बाळाच्या मेंदूत व मज्जारज्जूत जन्मतः दोष राहू शकतो. गोळ्यांना पर्याय नाही, पण गोळीच्या जोडीला ताटही भरलेले हवे.

मग पेट्या वाढवल्या की काम झाले, असे कोणी म्हणेल. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातल्या ४१ पीक-प्रकारांची ६०० शेते तपासली गेली. पाळीव मधमाश्यांच्या फुलांवरील भेटी जेवढ्या वाढल्या तेवढ्याच रानटी कीटकांच्या भेटी वाढल्या, तर फळधारणेतली वाढ साधारण दुप्पट होती. दोन्हींचे काम वेगळे आहे. एकाची जागा दुसरा घेत नाही.

याचा अनुभव घरच्या वेलावरही येतो. ‘लाल भोपळ्याला फुले खूप येतात, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात,’ ही नेहमीची तक्रार. भोपळ्याची नर आणि मादी फुले वेगळी असतात. ती पहाटे उमलतात आणि दुपारपूर्वी मिटतात. तेवढ्या वेळात माशी आली नाही तर फळ टिकत नाही. खताचा डोस वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

काय लावावे?

एकट्या राहणाऱ्या लहान माश्या घरट्यापासून फार लांब जात नाहीत. बहुधा काहीशे मीटरच. त्यामुळे अभयारण्य कितीही मोठे असले तरी शहरातल्या माशीच्या ते उपयोगाचे नाही. तिला गल्लीतली फुले हवीत आणि म्हणूनच चार कुंड्यांनाही अर्थ आहे.

पहिली गोष्ट, फुले एकेरी पाकळ्यांची निवडावीत. नर्सरीत मिळणाऱ्या भरगच्च दुहेरी जास्वंदीसारख्या अनेक जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. डोळ्याला शोभा येते, पण माशीला पराग मिळत नाही आणि मकरंदापर्यंत वाटही सापडत नाही. हिरवळीचा गालिचा तर तिच्यासाठी वाळवंटच.

दुसरी, वर्षभर काही ना काही फुललेले असावे. उन्हाळ्यात कडुनिंब, करंज, जांभूळ अशी मोठी झाडे माश्यांना पोसतात. कुंडीत कढीपत्ता आणि लिंबू चालते. माश्यांचे खरे हाल होतात ते पावसाळ्यात. सततच्या सरींमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही आणि झाडांचा बहरही संपलेला असतो. म्हणून जून-जुलैत तीळ, तेरडा, सूर्यफूल, भेंडी, काकडी, दोडका लावावा. हिवाळ्यासाठी मोहरी, कोथिंबीर, बडीशेप, तूर आणि जागा असेल तर शेवगा. तुळस, सब्जा आणि गोकर्ण हे तर जवळजवळ बारमाहीच. तुळशीच्या मंजिऱ्या आल्या आल्या खुडण्याची सवय असते. दोन कुंड्या असतील तर एकीच्या मंजिऱ्या राहू द्याव्यात. कोथिंबीर, मुळा, मेथी यांची दोन-चार रोपे उपटण्याऐवजी फुलू द्यावीत. खर्च शून्य, फायदा दोघांचा. एकाच प्रकारची चार-पाच रोपे जवळजवळ ठेवली तर माशीला ती लवकर दिसतात.

तिसरी गोष्ट निवाऱ्याची. हल्ली सोसायटीचे आवार इंचन् इंच पेव्हर ब्लॉकने झाकलेले असते. जमिनीत बीळ करणाऱ्या माश्यांनी जायचे कुठे? झाडाच्या बुंध्याभोवती हातभर उघडी माती सोडली तरी पुरते. एका टोकाला बंद असलेल्या बारीक बांबूंची जुडी पावसापासून आडोशाला टांगावी. शेवग्याची किंवा आंब्याची वाळकी फांदी धोका नसेल तर तशीच ठेवावी.

आणि पाणी. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवले तर माशी बुडत नाही. मात्र ते रोज बदलावे आणि ताटली घासून पुसावी. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे आवडते ठिकाण आहे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी साठवणूक कोरडी करण्याचा नियम बागेलाही लागू करावा. डासांची पैदास अशी मुळातच थांबली तर औषध फवारण्याची वेळ कमी येईल. त्याचा फायदा माशीलाही होईल.

फवारणीचा नियम सोपा आहे: फूल उमललेले असताना फवारणी नको. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे झाडात भिनून परागात आणि मकरंदातही उतरतात. युरोपीय महासंघाने या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली थांबवला. घरच्या बागेत मावा-तुडतुड्यांसाठी पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो. निंबोळी अर्क वापरायचाच असेल तर माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी वापरावा.

डंखाचे काय?

घरात लहान मुले आहेत, माश्या कशाला बोलवायच्या, ही शंका रास्त आहे. एकट्या राहणाऱ्या माशीला राखायला पोळे नसते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. हातात धरली किंवा कपड्यात अडकली तरच चावते. फुलांभोवतीच्या नरांना तर डंखच नसतो. दमेकरी रुग्णांनाही या फुलांची फार भीती नको. माश्यांसाठी बनलेला पराग जड आणि चिकट असतो. हवेत दूरवर उडणारा, त्रास देणारा पराग बहुधा गवतासारख्या, वाऱ्यावर अवलंबून असलेल्या वनस्पतींचा असतो.

धोका असतो तो मुख्यतः आग्याच्या डिवचलेल्या पोळ्याचा. दगड, धूर, फटाके, जाळ यांपैकी काहीही करू नये. आग्या माश्या स्थलांतर करतात. पोळे उंच आणि वर्दळीपासून दूर असेल तर काही महिन्यांत त्या आपणहून निघून जातात. हलवणे भागच असेल तर प्रशिक्षित माणसाला बोलवावे. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळावे आणि बंद खोली गाठावी.

डंख लागला तर काटा ताबडतोब काढावा, नखाने खरवडून किंवा चिमटीत धरून. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे, कारण विषाची पिशवी पहिल्या मिनिटभरात बहुतेक रिकामी होते. मग जागा धुऊन बर्फ लावावा. चुना, माती यांची गरज नाही. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे, अंगभर गांधी, उलटी, चक्कर यांपैकी काही दिसले तर ती तीव्र ॲलर्जी समजावी. थांबून वाट न पाहता १०८ वर फोन करावा. मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन अशा वेळी जीव वाचवते. अनेक डंख लागले असतील तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात जावे. विषामुळे मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो आणि तो लगेच दिसत नाही.

ही माहिती असली की भीती तिच्या जागी राहते. बाग माश्यांसाठी चांगली आहे की नाही, हे ओळखायची परीक्षाही सोपी आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन पडल्यावर, फुललेल्या कुंडीपाशी मुलांना घेऊन दहा मिनिटे उभे राहावे आणि किती प्रकारच्या माश्या आल्या ते वहीत लिहावे. दर महिन्याला असे केले की कोणत्या ऋतूत फुले कमी पडतात ते आपोआप कळते. त्या ऋतूसाठी आणखी एक कुंडी भरावी.